जिवा महाला आणि बहिर्जी: दोन वेगळी कामं

मागच्या शनिवारी शिवनेरीला जाऊन आलो. मंचरला चहा, नारायणगावला मिसळ, मग जुन्नर. सात दरवाजे चढून वर गेलं की खाली अख्खं जुन्नर दिसतं.

१६५७ मध्ये हे जुन्नर मोगलांकडे होतं. एका रात्री शिवाजी महाराजांची माणसं दोराच्या शिड्यांनी तट चढून आत उतरली, पहारेकरी मारले आणि सुमारे तीन लाख होन अन् दोनशे घोडे घेऊन गेली. म्हणजे पहारा नव्हता असं नाही. होता की! पण तट कुठून चढायचा, खजिना कुठे, हे कोणीतरी आधी बघून गेलेलं असणार. ते कोणाच्याच लक्षात आलं नाही.

घोडेगावचा मित्र सोबत होता. म्हणाला, "मग पहारेकऱ्यांनाच शिकवायचं ना, पाळत कोण ठेवतंय ते ओळखायला!"

ऐकायला बरोबर वाटतं. पण महाराजांनी ही कामं वेगळी ठेवलेली दिसतात. १० नोव्हेंबर १६५९, प्रतापगड. सय्यद बंडाचा वार अडवला जिवा महालाने. पण खानाच्या मनात काय आहे ते काढायला छावणीत गेले वकील पंताजी गोपीनाथ. १६७९ मध्ये जालन्याच्या लुटीनंतर मोगल फौज मागे लागली, तेव्हा आडवाटेने पट्टा किल्ल्यावर सुखरूप नेलं ते बहिर्जी नाईकांनी. जिवाचं काम एका क्षणाचं, बहिर्जींचं महिनोन् महिन्यांचं.

कारण साधं आहे. अंगरक्षकाची नजर आपल्या माणसावर आणि त्याच्या आसपासच्या हातांवर हवी. पाळत ओळखायची तर तोच चेहरा, तीच गाडी मंगळवारी इथे आणि शुक्रवारी तिथे दिसली, हे जुळवावं लागतं. ते लांब उभं राहून, गर्दीत मिसळूनच जमतं. अंगरक्षक तर साहेबांच्या शेजारीच असतो, म्हणजे पाळत ठेवणाऱ्याला तो आधीच माहीत! तो मान वळवून शोधायला लागला की समोरचा सावध होतो, आणि तेवढा वेळ साहेब उघडे पडतात. दोन्ही कामं अर्धीच.

हे फक्त इतिहासातलं नाही. १० ऑगस्ट १९८६ रोजी आपल्या पुण्यात निवृत्त लष्करप्रमुख जनरल अरुणकुमार वैद्य बाजारातून स्वतः गाडी चालवत घरी निघाले होते. मोटारसायकलवरून आलेल्यांनी त्यांना गोळ्या घातल्या. गाडीत पत्नी होत्या, सुरक्षारक्षकही होता. मारेकरी त्याआधी पुण्यात राहून त्यांचं घर आणि येणं-जाणं बघून गेले होते. गोळी सुटल्यावर त्या एका रक्षकाने काय करायचं? त्याला दोष देणं सोपं आहे, पण त्याआधीचे दिवस बघायला दुसरं कोणी हवं होतं.

आमच्या धंद्यातही सर्व्हर चालवणाऱ्यालाच रात्रभर लॉग वाचायला बसवतात आणि मग "तुझ्या लक्षात कसं आलं नाही?" विचारतात. :)

"होता जिवा म्हणून वाचला शिवा" हे आपल्याला पाठ आहे. बहिर्जींवर अशी म्हण नाही, कागदपत्रांतही ते फार थोडे सापडतात. चांगल्या हेराचं असंच व्हायचं. पण माणसं नेमताना तरी त्यांची आठवण ठेवायला हवी.

असो. पुढच्या शनिवारी हडसर. येताय का कोणी?