अर्ध्या मिलिमीटरचा इतिहास

जालना शहर बियाण्यांसाठी आणि लोखंडी सळयांच्या कारखान्यांसाठी ओळखले जाते, तसेच ते मराठवाड्यात डोळ्यांच्या उपचारांसाठीही ओळखले जाते. तेथील श्री गणपती नेत्रालयात जिल्ह्यातून आणि शेजारच्या जिल्ह्यांतूनही रुग्ण येतात. त्यामुळे ‘लेझर’ हा शब्द अंबड-परतूरकडच्या खेड्यांतही आता परका राहिलेला नाही. आजीचा मोतीबिंदू ‘लेझरने’ काढतात आणि नातवाच्या चष्म्याचा नंबरही ‘लेझरने’ घालवतात, असे आपण सहज बोलून जातो.

यातला आजीचा लेझर बहुधा लेझर नसतोच. मोतीबिंदूचे भिंग बारीक करून शोषून घेण्याची जी ‘बिनटाक्याची’ पद्धत आज रूढ आहे, तिच्यात श्राव्यातीत ध्वनीची कंपने वापरतात. अमेरिकेतील चार्ल्स केल्मन यांनी ती १९६७ मध्ये प्रथम वापरली. नातवाचा लेझर मात्र खरा. भरतीसाठी किंवा लग्नासाठी चष्मा नको म्हणणाऱ्या मुलाला शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टर बरेच प्रश्न विचारतात. मुलाला ते कंटाळवाणे वाटतात. पण यातला जवळजवळ प्रत्येक प्रश्न कुणाच्या तरी डोळ्याची किंमत मोजून शिकलेला आहे. तो इतिहास आपण पाहू.

लांबचे न दिसणाऱ्या डोळ्याचा गोळा बहुधा थोडा लांबट असतो. त्यामुळे प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडेच तयार होते. डोळ्यात शिरणारा प्रकाश वाकवण्याचे दोनतृतीयांश काम समोरचे पारदर्शक पारपटल करते. त्याची वक्रता थोडी कमी केली, तर प्रतिमा मागे सरकून दृष्टिपटलावर पडेल. कल्पना एवढी सोपी आहे. अडचण अशी, की हे पारपटल मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असते.

जपानमधील त्सुतोमु सातो यांनी १९३९ च्या सुमारास पारपटलावर बाहेरून आणि आतूनही छेद देऊन ते चपटे करण्याचा प्रयत्न केला. सुरुवातीला रुग्णांना चांगले दिसू लागले. परंतु पारपटलाच्या आतल्या बाजूस पेशींचा एकच थर असतो. तो सतत पाणी बाहेर काढून पारपटल पारदर्शक ठेवतो आणि माणसात या पेशी पुन्हा निर्माण होत नाहीत, याची जाणीव तेव्हा नव्हती. अनेक वर्षांनी त्या रुग्णांची पारपटले सुजून धुरकट झाली. शस्त्रक्रियेचा खरा निकाल लागायला कित्येक वर्षे जावी लागतात, हा पहिला धडा.

पुढे १९७० च्या दशकात मॉस्कोचे श्व्यातोस्लाव फ्योदोरोव यांनी फक्त बाहेरून, चाकाच्या आऱ्यांसारखे छेद देण्याची पद्धत रुजवली. ती जगभर पसरली. अमेरिकेत अशा रुग्णांचा पद्धतशीर पाठपुरावा झाला. १९९४ मध्ये त्याचे दहा वर्षांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा ४३ टक्के डोळ्यांचा नंबर उलट्या दिशेने, म्हणजे अधिक क्रमांकाकडे, एक डायॉप्टर किंवा त्याहून जास्त सरकलेला आढळला. छेद दिलेले पारपटल हळूहळू आणखी चपटे होत गेले होते.

दरम्यान एक निराळीच गोष्ट घडली. मूळ चेन्नईचे रसायनशास्त्रज्ञ रंगस्वामी श्रीनिवासन अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत एक्सायमर लेझरवर काम करीत होते. नोव्हेंबर १९८१ मध्ये सणाच्या जेवणातून उरलेला टर्कीचा तुकडा त्यांनी प्रयोगशाळेत आणला आणि त्यावर १९३ नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरण सोडले. आजूबाजूचा भाग न जळता स्वच्छ खाच पडली. हे किरण रेणूंमधील बंध तोडतात आणि प्रत्येक स्पंदात मायक्रॉनच्या चौथ्या हिश्शाएवढाच थर उडवतात. नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल यांनी त्याचा पारपटलासाठीचा उपयोग ओळखला. १९८३ मध्ये त्यांचा एकत्रित शोधनिबंध आला. ग्रीसचे पॅलिकारिस यांनी १९९० च्या सुमारास पारपटलाचा पातळ पापुद्रा उचलून खाली लेझर वापरण्याची पद्धत आणली. तीच लॅसिक.

हत्यार अचूक झाले, पण अर्धा मिलिमीटर अर्धाच राहिला. १९९८ मध्ये जर्मनीचे थिओ सायलर यांनी लॅसिकनंतर पारपटल पुढे फुगत गेल्याचे रुग्ण नोंदवले. फार पातळ झालेले पारपटल डोळ्यातला दाब पेलू शकत नव्हते. म्हणून पापुद्र्याखाली निदान २५० मायक्रॉन जाडी उरलीच पाहिजे, असा संकेत रूढ झाला.

हे गणित वर्गात करून पाहण्याजोगे आहे. एका डायॉप्टरसाठी साधारण १२ मायक्रॉन थर जातो आणि पापुद्रा १२० मायक्रॉनचा आहे, असे धरू. पारपटल ५४० मायक्रॉन आणि नंबर उणे ६ असेल, तर ५४० − १२० − ७२ = ३४८ मायक्रॉन उरतात. पण पारपटल ४८० आणि नंबर उणे १० असेल, तर उरतात २४०. या दुसऱ्या मुलाला ‘नाही’ म्हणणारा डॉक्टर त्याचे भलेच करतो. मात्र पुरेशी जाडी म्हणजे अभय नव्हे. पारपटलाचा आकार मुळातच वेडावाकडा असेल तरी धोका असतो. म्हणून त्याचा नकाशा काढतात.

आता डॉक्टरांचे प्रश्न पुन्हा वाचू. वय अठरा पूर्ण आहे का आणि वर्षभर नंबर स्थिर आहे का? कारण डोळा वाढत असेल तर नंबर परत येईल. कॉन्टॅक्ट लेन्स किती दिवसांपूर्वी काढली? कारण लेन्सने पारपटलाचा आकार तात्पुरता बदलतो आणि मोजमाप चुकते. घरात कुणाचे पारपटल शंकूसारखे झाले आहे का, डोळे चोळण्याची सवय आहे का? कारण कमकुवत पारपटलाची ही चिन्हे असू शकतात. डोळे कोरडे पडतात का? कारण पापुद्रा कापताना बारीक नसा तुटतात आणि अश्रू कमी होतात. बहुतेकांना काही महिन्यांत आराम पडतो, काहींचा त्रास टिकतो. जालन्याच्या उन्हाळ्यात कोरड्या वाऱ्यात दुचाकीवर फिरणाऱ्याने हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. रात्री दिव्यांभोवती वलये दिसण्याचा त्रासही काहींना होतो.

भरतीसाठी शस्त्रक्रिया करणाऱ्याने आधी त्या सेवेचे वैद्यकीय निकष वाचावेत. ते सर्वत्र सारखे नाहीत.

शेवटची गोष्ट सर्वांत जास्त विसरली जाते. लेझरने नंबर जातो, लांबट डोळा लांबटच राहतो. दृष्टिपटल फाटण्याचा धोका पूर्वीइतकाच असतो. चाळिशीत वाचायला चष्मा लागू शकतो. पातळ झालेल्या पारपटलावर डोळ्याचा दाब खरा असतो त्याहून कमी मोजला जातो, त्यामुळे काचबिंदू नजरेतून सुटू शकतो. आणि हा नातू आजोबा होऊन मोतीबिंदूसाठी येईल, तेव्हा कृत्रिम भिंगाची शक्ती काढण्याचे नेहमीचे गणित त्याच्या डोळ्याला लागू पडणार नाही. त्या वेळी शस्त्रक्रियेपूर्वीची मोजमापे हाती असली, तर फार उपयोग होतो. म्हणून तो कागद दहावीच्या गुणपत्रिकेइतकाच जपून ठेवावा, हे आपण आपल्या विद्यार्थ्यांना आजच सांगू शकतो.