भिडे वाडा आणि जपानच्या मुली

मुलीची अकरावीची फी भरायची की शिक्षण थांबवायचं, यावर परवा आमच्या बचत गटात बोलणं चाललं होतं. तिची आई म्हणाली, "जपान-कोरियाच्या संस्कृतीतच शिक्षण आहे. आपल्यात कुठलं?"

ताई, आपण बसतो त्याच बुधवार पेठेत, भिडे वाड्यात, १८४८ साली जोतीराव-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. संस्कृतीचं नाव घेऊनच लोकांनी विरोध केला. १८४९ मध्ये दोघांना घर सोडावं लागलं. तरी १८५१ ला याच पेठेत, चिपळूणकर वाड्यात, मुलींची आणखी एक शाळा उघडली.

आणि जपानात? विद्येचा मान तिथे जुना, हे खरंच. पण १८७२ साली सगळ्यांना शाळेत घालायचा हुकूम निघाला, तेव्हा काही ठिकाणी चिडलेल्या शेतकऱ्यांनी शाळाच जाळल्या! फी झेपत नव्हती, पोरं शेतात हवी होती. मुली तर फारच मागे. १९०० मध्ये सरकारी प्राथमिक शाळांची फी गेली आणि थोड्याच वर्षांत बहुतेक मुलींची नावं शाळेत लागली.

आम्ही त्या ताईंना फीपुरतं कर्ज मंजूर केलं. पहिला हप्ता दिवाळीनंतर.