शिवणीवरील पेशी : सिरोटोनिनाचे तंतू आणि त्यांची नावे

नांदेड-लातूरकडील बोलीत ‘शीर’ हा शब्द रक्तवाहिनीस आणि मज्जातंतूस सारखाच लागतो. ग्रंथभाषेने ‘मज्जातंतू’ हा शब्द रूढ केला खरा, परंतु आयुर्वेदातील मज्जा म्हणजे हाडांतील सार होय. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू असल्याने तेथे गेलेल्या मराठी विद्यार्थ्यास याच वस्तूचे नाव ‘असब’ म्हणून शिकावे लागे. एका तंतूला अशी तीन नावे, आणि तिन्हींतून त्याच्या कार्याचा बोध शून्य!

सिरोटोनिनाचे नाव तर त्याहून फसवे आहे. रॅपोर्ट, ग्रीन व पेज यांनी १९४८ साली क्लीव्हलँड येथे ते रक्तद्रवातून वेगळे केले. रक्तवाहिन्या आकुंचित करणारे रक्तद्रवातील द्रव्य, एवढाच त्या नावाचा अर्थ. मेंदूतही ते असते, हे ट्वॅरॉग व पेज यांनी १९५३ मध्ये दाखविले. नाव मात्र रक्ताचेच राहिले.

या इतिहासाचा एक धागा मुंबईतून जातो. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीचा रक्तदाबाच्या पन्नास रुग्णांवरील अनुभव १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केला. त्यापूर्वी, १९३१ मध्ये, गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी या मुळीचे रक्तदाबावरील व उन्मादावरील गुण नोंदविले होते. पण त्या लेखाकडे बाहेर फारसे कोणी पाहिले नाही. १९५२ मध्ये बाझेल येथे त्या मुळीतून रेसर्पिन निघाले. १९५५ साली ब्रोडी व त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले की, रेसर्पिनामुळे मेंदूतील सिरोटोनिनाचा साठा रिता होतो. मनाला शांतविणाऱ्या मुळीचा संबंध प्रथमच मेंदूतील एका ठरावीक द्रव्याशी जोडला गेला.

ते द्रव्य नेमके कोठे असते, याचा उलगडा स्वीडनमध्ये झाला. फाल्क व हिलार्प यांच्या रीतीने फॉर्मॅल्डिहाइडाच्या वाफेत मेंदूचा छेद धरला असता सिरोटोनिन पिवळे चमकते. या रीतीने डालस्ट्रोम व फुक्से यांनी १९६४ साली उंदराच्या मेंदूत त्याच्या पेशींचे नऊ समूह दाखविले. त्यांतील बहुतेक मस्तिष्कस्तंभाच्या मध्यरेषेवर, ‘राफे’ नामक भागात आहेत. राफे म्हणजे ग्रीक भाषेत शिवण. येथे नाव नेमके बसले. मानवी मेंदूतील सुमारे ८६ अब्ज पेशींत या पेशी काही लाखच, तथापि त्यांचे तंतू जवळजवळ सर्व मेंदूभर पसरलेले असतात.

हे तंतू इतर पेशींना भिडतात कसे, हा प्रश्न उरलाच. तंतूवर जपमाळेच्या मण्यांप्रमाणे फुगवटे असतात व त्यांतून द्रव्य स्रवते. देकारी, बोदे व वॉटकिन्स यांना १९७५ साली मेंदूच्या बाह्यकात फार थोड्या फुगवट्यांपाशी शेजारच्या पेशीशी सांधा दिसला. पुढील काही अभ्यासांनी हे प्रमाण पुष्कळ अधिक दाखविले, आणि वाद दीर्घकाळ चालला. सांधा नसेल तेथे द्रव्य भोवतालच्या द्रवात पसरते, आणि ज्या पेशीपाशी त्याचे ग्राहक असतील तिच्यावर परिणाम घडविते. एकाच द्रव्याने एक पेशी उद्दीपित होते, तर दुसरी मंदावते. अशा ठिकाणी तंतूचे काम तारेपेक्षा शेतातील पाटाशी अधिक जुळते. ‘तंतू’ या शब्दाने मराठी वाचकापुढे उभी राहते ती मात्र तारच.