स्तूपातले मणी कपाटात कसे गेले?



दीक्षा घेतल्यावर आपल्या वाडवडिलांनी गळ्यातले गंडे-ताईत तोडून टाकले. मग म्युझियममध्ये बौद्ध स्तूपातून निघालेले मणी आणि त्रिरत्नाची पदके दिसली की आपली पोरं विचारतात, "हे काय? आपल्यातही ताईत होते का?" म्हणून आम्ही येथे पिपरहवाचा इतिहास मांडत आहोत.

पिपरहवा हे गाव उत्तर प्रदेशात, नेपाळच्या सीमेला लागून, आजच्या सिद्धार्थनगर जिल्ह्यात आहे. जानेवारी १८९८ मध्ये विल्यम पेपे या तिथल्या इंग्रज जमीनदाराने विटांचा एक मोठा ढिगारा खणवला. तो स्तूप निघाला. खोल आत दगडाची अवजड पेटी लागली, वजन सुमारे ७०० किलो. इतिहासात नाव पेपेचे राहिले, घाम गाळणाऱ्या मजुरांचे नाही. पेटीत पाच पात्रे होती. त्यातले एक स्फटिकाचे, झाकणाला माशाची मूठ. आत अस्थी, आणि त्यांच्यासोबत मणी, मोती, पोवळी, सोन्याच्या पत्र्याची फुले, त्रिरत्नाच्या आकाराचे तुकडे. एका पात्रावर ब्राह्मी लिपीत लेख होता, की या शाक्यांच्या, भगवान बुद्धांच्या अस्थी आहेत.

आता बघा, ताईत माणूस स्वतःच्या भीतीपोटी बांधतो. हे मणी तर श्रद्धेने अस्थींजवळ ठेवून दिलेले, परत कधी हाताला लागणार नाहीत असे. आमच्या मते हे दान आहे, त्याला ताईत म्हणणे चूक.

पण त्या दानाची वाटणी झाली. १८७८ च्या कायद्याने जमिनीतल्या ठेव्यावर सरकारचा हक्क होता. अस्थी सयामचे बौद्ध राजे चुलालोंगकोर्न यांना दिल्या. पेटी, पात्रे व बहुतेक मणी कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये गेले. आणि सुमारे पाचवा हिस्सा 'डुप्लिकेट' म्हणून पेपेकडे राहिला. दानात डुप्लिकेट कसलं आलंय? एकसारखे दोन मणी दोन माणसांनी वाहिले असतील, तर एकाचे दान खोटे काय?

तोच हिस्सा ७ मे २०२५ रोजी हाँगकाँगला सदबीज कंपनीच्या लिलावात निघणार होता. जगभरच्या बौद्धांनी निषेध केला, भारत सरकारने नोटीस दिली, लिलाव थांबला. ३० जुलै २०२५ रोजी ते मणी भारतात परत आले. पण आले ते गोदरेज उद्योगसमूहाने विकत घेतल्यावर. म्हणजे १२७ वर्षांनी आपल्याच वाडवडिलांच्या दानाची किंमत मोजावी लागली.

असा ठेवा आपल्या जवळही निघालेला आहे. नालासोपाऱ्याच्या स्तूपातून १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी दगडी पेटी काढली. आत एकात एक करंडक, शेवटचा सोन्याचा, त्यात भिक्षापात्राचे तुकडे, सोबत सोन्याची फुले. ते सारे मुंबईतच, टाऊन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटीकडे गेले. सोपाऱ्याचा स्तूप मात्र जागेवर आहे, लोकलने जाता येते. मुलांना घेऊन जावे.