बोट कोणती धरावी?

नाशिकच्या माणसाला समुद्र ऐकून ठाऊक असतो. आमची गोदावरी त्र्यंबकेश्वरी ब्रह्मगिरीवर उगम पावते. अरबी समुद्र तेथून फार लांब नाही. पण ती त्याच्याकडे पाठ फिरवते आणि सारे दख्खन ओलांडून पूर्वेच्या उपसागराला जाऊन मिळते. गावाचा स्वभावही नदीसारखाच. घाट उतरून मुंबईला जायचे ते नोकरीसाठी, कोर्टकचेरीसाठी. समुद्र पाहायचा तो चौपाटीवर चणे खात. जहाजात पाऊल टाकण्याचे आमच्या वाडवडिलांच्या मनातही आले नसेल, आणि आले असेल तर ते त्यांनी कोणाला सांगितले नसेल.

तरीसुद्धा पहिल्या जलप्रवासाच्या जुन्या हकिकती वाचू लागलो, की हे समुद्राकडे पाठ केलेले गाव मला पदोपदी भेटते. कोणी येथून निघून बोट धरली, कोणी बोटीतून उतरून येथे आला, कोणाला बोटीत घालून येथल्या खटल्यासाठी आणले. बोट कोणत्या कंपनीची, कोणत्या हंगामात, कोणत्या मार्गाने, हे प्रश्न आज सहलीच्या जाहिरातींपुढे बसून आपण विचारतो. त्या काळी या प्रश्नांच्या उत्तरांवर जात, अब्रू आणि कित्येकदा प्राण टांगलेला असे.

पहिला अडसर धर्मशास्त्राचा. बौधायनाने पतनास कारण होणाऱ्या कर्मांत समुद्रप्रवास अग्रभागी घातला, आणि पुढे कलिवर्ज्यांतही तो येऊन बसला. १८८८ साली अठरा वर्षांचा मोहनदास गांधी विलायतेस जाण्यासाठी मुंबईत आला, तेव्हा त्याच्या जातीने सभा भरवून त्याला वाळीत टाकले आणि जो कोणी त्याला निरोप देण्यास धक्क्यावर जाईल त्याला सव्वा रुपया दंड ठरवला. याशिवाय मित्रांनी वेगळीच भीती घातली होती. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, नुकतेच एक जहाज वादळात बुडाले आहे, तेव्हा दिवाळीनंतर निघावे. थोरल्या बंधूंनी ते मानले आणि मुलाला मुंबईत ठेवून ते राजकोटला परतले. मग समजले, की जुनागडचे एक वकील, त्र्यंबकराय मजमुदार, ४ सप्टेंबरच्या बोटीने निघत आहेत. सोबत मिळाली, त्याच खोलीत जागा मिळाली, आणि 'क्लाइड' नावाच्या त्या बोटीने गांधी गेले. पहिल्या प्रवासाची बोट त्यांनी कंपनी पाहून निवडली नाही, वर्ग पाहून निवडली नाही. ओळखीचा माणूस पाहून निवडली.

१८९१ च्या जुलैत ते परतले ते ऐन पावसाळ्यात. एडनपासून मुंबईपर्यंत समुद्र उसळत होता, उतारू आजारी पडले होते, आणि हे गृहस्थ मात्र लाटांची मौज पाहत ठणठणीत होते. ज्या हंगामाच्या धाकाने जाणे लांबले, त्या हंगामाने त्यांना काहीच केले नाही. जातीने मात्र सोडले नाही. राजकोटला जाण्याआधी बंधूंनी त्यांना नाशिकला आणले आणि गोदावरीत स्नान घातले; नंतर राजकोटला जातीला भोजन दिले. समुद्राचे खारे पाणी आमच्या नदीच्या गोड्या पाण्याने धुऊन निघते, अशी त्या काळी समजूत होती. नाशिकच्या वाट्याला असे हे काम आले होते: ज्याला समुद्राने नेले त्याला परत जातीत घेणे.

सोबतीची गोष्ट आनंदीबाई जोशी यांच्या बाबतीतही दिसते. ७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून 'सिटी ऑफ कलकत्ता' या बोटीने निघाल्या आणि ४ जून रोजी न्यूयॉर्कला पोहोचल्या. कल्याणची मुलगी मुंबई सोडून कलकत्त्याहून का निघाली? नवऱ्याची पोस्टातली नोकरी तिकडे, श्रीरामपुरास होती, आणि बरोबर जाणाऱ्या मिशनरी बायकांची सोबत तेथून मिळाली. नकाशावर सोयीचा मार्ग आणि माणसाला सोयीचा मार्ग एकच असतात असे नाही.

मग यायची कंपनी. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला आणि मुंबई हे विलायतेचे दार झाले. त्या दारावर सरकारी टपालाचा मक्ता घेऊन पी. अँड ओ. कंपनी बसली होती. एडन, सुएझ, पोर्ट सैद, मार्सेल असा ठरलेला मार्ग. घाई असेल त्याने मार्सेलला उतरून आगगाडी धरावी, नसेल त्याने जिब्राल्टरला वळसा घालून लंडन गाठावे. नाशिक जिल्ह्यातल्या भगूरचे विनायक दामोदर सावरकर ९ जून १९०६ रोजी निघाले ते याच कंपनीच्या 'पर्शिया' बोटीने. ज्या सत्तेशी लढायचे तिच्याच टपालाच्या जहाजातून जायचे, याला दुसरा उपाय नव्हता. चार वर्षांनी त्याच कंपनीच्या 'मोरिया' बोटीतून त्यांना कैदी म्हणून परत आणले जात होते. डिसेंबर १९०९ मध्ये नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनचा वध झाला होता, त्याचा धागा त्यांच्यापर्यंत नेण्यात आला होता. ८ जुलै १९१० रोजी बोट मार्सेल बंदरात उभी असता सावरकरांनी समुद्रात उडी घेतली. ते बंदर फ्रान्सचे होते, म्हणूनच तो प्रश्न पुढे हेगच्या न्यायसभेपर्यंत गेला. बोट वाटेत कोणकोणत्या बंदरांना लागते, हा सहलीच्या पत्रकातला तपशील आपण घाईत वाचून सोडतो. एका माणसाच्या आयुष्यात त्याच तपशिलावर दोन देशांचा तंटा उभा राहिला.

स्वतःचे जहाज का नको, हा प्रश्न मग मुंबईतल्या काही माणसांना स्वस्थ बसू देईना. १९१९ साली वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांकडून एक जहाज विकत घेतले आणि त्यांच्याच नावाने सिंदिया कंपनी काढली. जहाजाचे नाव 'लॉयल्टी'. ते कोरे नव्हते. १८९१ साली कॅनेडियन पॅसिफिक कंपनीसाठी ते 'एम्प्रेस ऑफ इंडिया' या नावाने बांधले गेले होते. महायुद्धात शिंदे सरकारांनी ते घेऊन त्यावर इस्पितळ केले होते. ५ एप्रिल १९१९ रोजी 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनला निघाली. खुद्द वालचंद तिच्यावर होते. आज राष्ट्रीय नौकानयन दिन म्हणून तोच दिवस पाळतात. त्या दिवशी ज्यांनी पी. अँड ओ. सोडून या बोटीचे तिकीट काढले, त्यांच्या मनाचा मी अनेकदा विचार करतो. अठ्ठावीस वर्षांचे जुने जहाज, नवखी कंपनी, पुढची खात्री नाही. पण आपले. ती खात्री खरोखरच नव्हती. १९२३ साली 'लॉयल्टी' मोडीत निघाली, आणि त्याच वर्षीच्या करारानुसार सिंदियाला दहा वर्षे किनाऱ्यालगतच्या वाहतुकीवर समाधान मानावे लागले. वालचंदांनी पुढे आमच्याच जिल्ह्यात, मालेगाव तालुक्यात, रावळगावला उसाचे मळे आणि साखर कारखाना उभारला. रावळगावची गोळी चघळत मोठी झालेली नाशिकची पोरे पुष्कळ. पण तिच्या मालकाने समुद्रावर काय मांडले होते, हे त्यांतल्या थोड्यांनाच ठाऊक असेल.

आपले म्हणून धरलेल्या बोटीची दुसरी बाजू मात्र कोकणच्या किनाऱ्यावर पाहावी लागते. तेथे शेफर्ड कंपनीच्या बोटी होत्या. तिचीच 'वैतरणा' ८ नोव्हेंबर १८८८ रोजी मांडवीहून मुंबईला येताना सौराष्ट्राच्या किनाऱ्यानजीक वादळात नाहीशी झाली, सातशेहून अधिक माणसांसह. म्हणजे मित्रांनी गांधींना सुचवलेला दिवाळीनंतरचा निर्धोक काळ तो हाच! पुढे स्वदेशीच्या वाऱ्याबरोबर देशी मंडळींची सहकारी आगबोट कंपनी उभी राहिली आणि कोकणी माणसाने तिला 'माझी आगबोट कंपनी' असे लाडके नाव दिले. तिच्या बोटींची नावे तरी केवढी घरगुती: 'तुकाराम', 'रामदास'. हर्णै, दाभोळ, जयगड, मालवण, वेंगुर्ले या बंदरांत बोट बाहेर उभी राही आणि उतारू पडावातून वळकट्यांसकट वर चढत. नोव्हेंबर १९२७ मध्ये 'तुकाराम' आणि 'जयंती' अशा दोन बोटी एकाच वादळी दिवशी बुडाल्या. आणि १७ जुलै १९४७ रोजी, स्वातंत्र्याला महिनाही उरला नसताना, 'रामदास' भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि काशाच्या खडकापाशी उलटली. सहाशेहून अधिक माणसे गेली. दुसऱ्या दिवशी आषाढी अमावास्या, आणि पुष्कळजण सणाला घरी निघाले होते. जे वाचले त्यांतल्या कित्येकांना रेवसकडच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांत ओढून घेतले. मुंबईला बातमी कळायला दुपार उलटली.

कोळी नारळी पौर्णिमेपर्यंत दर्यात नाव घालत नाही. हे शास्त्र त्याने पोथीतून घेतले नाही. बापजाद्यांच्या मरणातून घेतले. बोटीचे नाव संताचे आणि मालक आपला असला, तरी जुलैचा समुद्र नाव वाचून थांबत नाही. स्वदेशीच्या कैवाराने मी हे लपवू इच्छीत नाही, आणि 'रामदास'मुळे 'लॉयल्टी'चे मोलही कमी करू इच्छीत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि पहिल्यांदा बोट धरणाऱ्याने दोन्ही जवळ ठेवाव्यात.

आणखी एका प्रवाशाचे सांगायलाच हवे. १९१७ साली भीमराव आंबेडकर शिक्षण अर्ध्यावर सोडून लंडनहून परतले. महायुद्ध चालू होते. स्वतः मार्सेलहून 'कैसर-इ-हिंद' बोट धरली. सामान, त्यात ग्रंथ, टॉमस कुक कंपनीच्या हवाली करून दुसऱ्या जहाजाने पाठवले. माणूस पोहोचला, ग्रंथांचे जहाज पाणतीराने बुडवले. कंपनीने भरपाईचे ६०० रुपये दिले आणि त्या पैशांतून बडोद्याला नोकरीवर जाण्याची सोय झाली. सामानाची पावती आणि विमा या रुक्ष कागदांकडे मी तेव्हापासून आदराने पाहतो. पुढे २ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे त्यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. मंदिराचे दार उघडले नाही. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला ते गोलमेज परिषदेसाठी 'व्हाइसरॉय ऑफ इंडिया' बोटीने निघाले. ज्या समुद्राला शास्त्राने निषिद्ध मानले, त्याने ज्याला देवळाने अडवले त्याला वाट दिली.

हे सारे डोक्यात असताना आमच्या शाळेतून निवृत्त झालेल्या एका सहकाऱ्याने मला विचारले, की आयुष्यात एकदा पत्नीला जहाजाने न्यायचे आहे, कोणती बोट घ्यावी? फंडातली रक्कम मोजून काढलेली होती. गंमत नव्हती ती. मी त्यांना जाहिरातीतल्या पोहण्याच्या तलावाविषयी काही सांगितले नाही. अलीकडचाच इतिहास सांगितला. २०१८ मध्ये 'आंग्रिया' मुंबई-गोवा धावू लागली आणि साथीच्या वर्षी थांबली. २०१९ मध्ये 'कर्णिका' आली आणि पुढच्याच वर्षी अलंगच्या किनाऱ्यावर मोडायला गेली. २०२१ च्या सप्टेंबरात कॉर्डेलिया कंपनीची 'एम्प्रेस' मुंबईहून निघाली. १९९० साली 'नॉर्डिक एम्प्रेस' म्हणून बांधलेली. 'एम्प्रेस ऑफ इंडिया'ची 'लॉयल्टी' झाली होती त्याला शंभर वर्षे उलटली, आणि मुंबईतून पुन्हा दुसऱ्याची जुनी राणी घेऊनच आरंभ झाला. २०२२ पासून पावसाळ्यात हे जहाज पश्चिम किनारा सोडून चेन्नईकडे नेण्यात आले. म्हणजे कोळ्याचे शास्त्र कंपनीनेही मानले.

तेव्हा मी त्यांना म्हटले: पहिला प्रवास दोन-तीन रात्रींचा, गोव्यापर्यंतचा ठेवा, शरीराला समुद्र मानवतो की नाही ते त्यात कळेल. हंगाम हिवाळ्याचा धरा. खोली जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर घ्या, तेथे हेलकावे कमी बसतात. गोव्याकडे जाताना डाव्या अंगाला कोकण असते आणि उजव्या अंगाला सूर्यास्त. काय पाहायचे ते घरीच ठरवून घ्या, येताना बाजू बदलते. भाड्यात बंदराचे शुल्क, कर, जेवण यांतले काय धरले आहे ते लिहून घ्या. फेरी रद्द झाली तर पैसे कोण, किती दिवसांत देणार, हे तिकिटाआधी वाचा. आणि ओळखीचे एखादे जोडपे मिळाले तर तारीख त्यांच्या सोयीने ठरवा. गांधींनीही तेच केले होते.

मराठीत बोट शब्दाची एक मौज आहे. लहानपणी आपण वडिलांचे बोट धरतो आणि मोठेपणी बोट धरतो. दोन्हीत हात कोणाच्या हाती देतो, हाच मूळ प्रश्न असतो. मागच्या पिढ्यांना कधी सोबत मिळाली तर कंपनी परकी होती, कधी कंपनी आपली मिळाली तर समुद्र दगा देणारा होता, आणि कधी मार्ग मिळाला तो साखळदंडासह. आपल्याला हंगाम, सोबत, मालक आणि मार्ग चारी गोष्टी स्वस्थपणे निवडता येतात. प्रायश्चित्तासाठी गोदावरीवर यावे लागत नाही. बॅलार्ड बंदरावरून शिडी चढताना क्षणभर मागे वळून पाहावे. ज्यांनी ही शिडी आपल्यासाठी सोपी केली, त्यांतल्या पुष्कळांना निरोप द्यायला धक्क्यावर कोणी आले नव्हते.