राजाचा अपुरा वाडा

श्रोतेहो, राजवाडा पाहायला जाणारा माणूस सहसा वैभव पाहायला जातो. उत्तर इटलीतील तुरीन शहरी मुक्काम असता आम्हीही त्याच अपेक्षेने रिव्होलीच्या वाड्याकडे निघालो. शहराच्या पश्चिमेस सुमारे १५ किलोमीटरांवर, आल्प्सकडे जाणाऱ्या दरीच्या तोंडाशी, एका टेकडीवर हा वाडा उभा आहे. चढण चढून अंगणात आलो आणि थबकलो. भव्य भिंत मध्येच तुटल्यासारखी थांबली होती. विटांचे खांब छपरावाचून उघडे उभे होते. ‘दुरुस्ती अजून चालू आहे काय?’ आमच्यातील एकाने विचारले. उत्तर मिळाले, ‘दुरुस्ती केव्हाच पुरी झाली. अपुरा आहे तो वाडाच!’

या उत्तराचा अर्थ कळण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. येथे साव्हॉय घराण्याचे राज्य होते. जुन्या वाड्यातच ड्यूक कार्लो एमानुएले पहिला १५६२ साली जन्मला. आपल्या चित्रसंग्रहासाठी त्याने वाड्यासमोर एक लांबच लांब दालन उभारावयास घेतले. पुढे सतराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच फौजांनी वाड्याची नासधूस केली. १७१३ च्या उत्रेख्तच्या तहाने व्हित्तोरियो आमेदेओ दुसरा याला राजपद मिळाले. काल ड्यूक असलेला माणूस आज राजा झाला. तेव्हा वाडाही राजाला साजेसा हवा! त्याने फिलिप्पो युव्हारा या सिसिलीच्या वास्तुकाराला पाचारण केले. १७१८ च्या सुमारास युव्हाराने विराट आराखडा सिद्ध केला व त्याची लाकडी प्रतिकृतीही करविली.

ही बरोक शैली. गोव्यातील बॉम जेझसचे चर्च ज्यांनी पाहिले असेल त्यांना तिची थोडी कल्पना येईल. पाहणाऱ्याला दिपवून टाकणे, धर्माची वा सत्तेची महती डोळ्यांवाटे मनात उतरविणे, हे तिचे ब्रीद. परंतु रिव्होलीत दिपविण्याचे काम एकतृतीयांशावरच थांबले.

त्याची कथा विलक्षण आहे. ३ सप्टेंबर १७३० रोजी याच वाड्यात व्हित्तोरियो आमेदेओने राज्यत्याग करून मुलाला गादीवर बसविले. वर्ष होते न होते तोच त्याला पश्चात्ताप झाला व तो गादी परत मागू लागला. मुलाने, म्हणजे कार्लो एमानुएले तिसरा याने, बापाला कैद केले आणि ठेवले कोठे? तर रिव्होलीतच! ज्या भिंती त्याने वैभवासाठी उभारल्या त्याच त्याचा तुरुंग झाल्या. पुढे त्याला मोंकालिएरीच्या वाड्यात हलविण्यात आले व १७३२ साली तेथेच तो वारला. १७३६ साली युव्हाराही माद्रिदला निधन पावला. वाडा राहिला तो राहिलाच.

नंतरची दीड-दोन शतके उपेक्षेची. १८८३ साली रिव्होलीच्या नगरपालिकेने तो विकत घेतला; काही भागांत लष्कराने बिऱ्हाड केले; दुसऱ्या महायुद्धानेही त्याला जखमा केल्या. अखेर १९७९ साली आंद्रेआ ब्रूनो या वास्तुकाराच्या देखरेखीखाली जीर्णोद्धार सुरू झाला.

ब्रूनोपुढे मोह मोठा होता. युव्हाराचा आराखडा उपलब्ध होता. वाडा ‘पुरा’ करता आला असता. त्यांनी तो मोह टाळला. अर्धवट भिंत अर्धवट ठेवली. दालनांतील जी चित्रे, जे गिलावे वाचले होते ते जपले. गेलेले खोटे रंगवून भरले नाही. नवा जिना लागला, तो उघड उघड आजचा, पोलादाचा केला. जुने ते जुने दिसावे, नवे ते नवे दिसावे, हा त्यांचा दंडक.

१८ डिसेंबर १९८४ रोजी तेथे समकालीन कलेचे संग्रहालय उघडले. सोनेरी वेलबुट्टीच्या छताखाली आजची कला, हे प्रथम आम्हांला विजोड वाटले. माउरित्सिओ कात्तेलान यांचा पेंढा भरलेला घोडा छताला टांगलेला. त्याचे लांबविलेले पाय निराधार लोंबताहेत. ही १९९७ ची कृती. तिचे नाव ‘नोव्हेचेंतो’, म्हणजे विसावे शतक. मिकेलांजेलो पिस्तोलेत्तो यांची शुभ्र व्हीनस चिंध्यांच्या ढिगाकडे तोंड करून उभी. १९६७ साली तुरीनच्या परिसरातील अशाच कलावंतांच्या चळवळीला ‘आर्ते पोव्हेरा’, म्हणजे गरिबांची नव्हे, तर साध्यासुध्या साधनांची कला, असे नाव मिळाले होते. तो घोडा पाहताना आम्हांला तो कैदी राजा आठवला. घोडा राजेशाही खरा, पण पायाखाली जमीन नाही! विजोडपणा तेथेच मावळला.

श्रोतेहो, एक योगायोग सांगून थांबतो. व्हित्तोरियो आमेदेओने राज्य सोडले त्याच १७३० साली पुण्यात शनिवारवाड्याची पायाभरणी झाली. तो कैदेत मेला त्या १७३२ साली वाड्याची वास्तुशांत. १८२८ च्या आगीनंतर आपल्या हाती तट, दरवाजे आणि जोती राहिली. ‘वाडा पुन्हा जसाच्या तसा उभारावा’ असे आपणांपैकी पुष्कळांना वाटते आणि त्यामागील माया आम्ही जाणतो. परंतु जे जळाले ते जळाले, हेही इतिहासच आहे. रिव्होलीकरांनी आपल्या वाड्याचे अपुरेपण लपविले नाही, आणि त्याला ओसाडही ठेवले नाही. मोडक्या भिंतीआड त्यांनी जिवंत माणसांची वर्दळ आणली. आपल्या जोत्यांवर आपण काय आणणार, याचा विचार घरी जाताना करावा, एवढीच विनंती.