सुंभ, मनिला आणि नायलॉन

या वीकेंडचा विषय आहे दोर. त्यातही एकाच कामाचा: हौसेची छोटी बोट, यॉट म्हणा हवं तर, धक्क्याला किंवा बोयाला बांधून ठेवतात तो. दुकानात याचे ढीगभर प्रकार मिळतात आणि घेणारा आधी एकच आकडा बघतो: किती किलोला तुटतो? माझ्या मते या दोराचा सगळा इतिहास सांगतो की प्रश्न अर्धवट आहे. दोर किती ताणला जातो, हेही तितकंच विचारायला हवं.

कारण साधं आहे. बांधलेली बोट कधीच स्वस्थ नसते. लाट आली की तिचं काही टन वजन दोराला हिसका देतं. दोर लवचिक असेल तर तो हिसका हळूहळू जिरतो. नसेल तर सगळा झटका एका क्षणात क्लीटवर, म्हणजे डेकवरच्या त्या दोन शिंगांच्या खुंट्यावर जातो. मग कधी कधी क्लीटच उपटून येते. दोर शाबूत, बोट खडकावर! आमच्या धंद्यात सरासरी लोड बघून उभी केलेली सिस्टिम पहिल्याच गर्दीला झोपते, त्यातलाच हा प्रकार.

ही गोष्ट आपल्याकडच्या समुद्रावर फार पूर्वीपासून माहीत होती. इब्न बतूता १३४३-४४ च्या सुमारास मालदीवला होता. तिथल्या काथ्याबद्दल तो लिहितो की हिंदुस्थान आणि येमेनची जहाजं याच दोरीने शिवलेली असतात. खिळे ठोकलेलं जहाज खडकावर आपटलं की फुटतं, शिवलेलं मात्र थोडं दबतं आणि टिकतं. काथ्या म्हणजे आपल्या कोकणातला सुंभच की! नारळाची सोडणं खाऱ्या पाण्यात काही महिने कुजवायची, कुटायची आणि धागा वळायचा. ताकदीत तो अंबाडीसारख्या दोरांपुढे कमीच. पण तो ताणला जातो, पाण्यावर तरंगतो आणि खाऱ्या पाण्याला दाद देत नाही. ब्रिटिश आरमारातही काथ्याचा दोर याच गुणांसाठी वापरात होता. तिथे त्याला ‘ग्रास लाइन’ म्हणत.

बाकी युरोपची भिस्त हेम्पवर, म्हणजे भांगेच्या कुळातल्या झाडाच्या धाग्यावर. धागा मजबूत, पण ओला राहिला की कुजतो, म्हणून डांबरात बुडवायचा. इंग्लंडमधल्या चॅटहॅमच्या गोदीत दोर वळायची इमारत आहे, लांबी ३४६ मीटर! आरमाराच्या दोरात एक वेगळ्या रंगाचा धागाही घालत, चोरी झाली तर ओळखू यावा म्हणून. त्या काळचा वॉटरमार्कच.

एकोणिसाव्या शतकात फिलिपाइन्सचा मनिला दोर आला. हा अबाका नावाच्या, केळीच्याच कुळातल्या झाडाचा धागा. याला डांबर लागत नाही. अमेरिकेत तोच चालू लागला. मग २ जानेवारी १९४२ ला जपानी सैन्य मनिलात शिरलं आणि पुरवठा बंद. अमेरिकन सरकारने त्याच वर्षी ‘हेम्प फॉर व्हिक्टरी’ नावाचा माहितीपट काढून शेतकऱ्यांना हेम्प लावायला सांगितलं, यावरून टंचाई किती होती ते कळतं.

तोवर उत्तर प्रयोगशाळेत तयार होतं. ड्यूपाँ कंपनीत वॉलेस कॅरोदर्सच्या गटाने २८ फेब्रुवारी १९३५ ला नायलॉन बनवलं होतं. आधी त्याचे बायकांचे मोजे आले, युद्धात पॅराशूट आणि ग्लायडर ओढायचे दोर. ग्लायडरचा हिसका आणि बोटीचा हिसका एकाच जातीचे. युद्ध संपल्यावर नायलॉन बंदरात आलं. पुढे १९५९ च्या न्यूयॉर्क बोट शोमध्ये पिअरसन कंपनीची ट्रायटन आली, फायबरग्लासच्या बोटी मध्यमवर्गाच्या आवाक्यात येऊ लागल्या आणि त्या बांधायला नायलॉन हाच रिवाज झाला. नेहमीच्या वापरात तो १० ते १५ टक्के ताणला जातो. म्हणजे सुंभाचा गुण परत मिळाला, शिवाय कितीतरी जास्त ताकद.

आता पुन्हा उलटी हवा आहे. डायनिमासारखे एचएमपीई दोर वजनाच्या मानाने पोलादाहून कितीतरी मजबूत, पण जवळजवळ ताणले जात नाहीत. शिडाच्या दोराला उत्तम, बोट बांधायला मात्र बहुधा चुकीचे. मोठ्या जहाजांवर ते वापरतात. २ मार्च २०१५ ला वेल्समधल्या मिलफर्ड हेवन इथे ‘झर्गा’ या गॅसवाहू जहाजाचा असाच दोर तुटला आणि चाबकासारखा उलटून एका अधिकाऱ्याच्या डोक्याला गंभीर इजा झाली. असा दोर तुटला तरी उलटत नाही, असा समज होता. पण त्याला जोडलेल्या लवचिक तुकड्याने ताण साठवला होता. आतले धागे आधीच खराब झालेले, आणि वरच्या आवरणामुळे ते दिसले नाहीत. व्यापारी जहाजांच्या दोरांची तपासणी आणि निगा यासाठी १ जानेवारी २०२४ पासून आंतरराष्ट्रीय नियम लागू झाले. हौशी बोटवाल्याला मात्र स्वतःच बघावं लागतं.

तर निवडायचं कसं? रूढ हिशोब असा: बोटीच्या दर ९ फुटांना दोराची जाडी एक अष्टमांश इंच. २७ फुटी बोटीला तीन अष्टमांश, ३६ फुटीला अर्धा इंच. ‘असू दे जाड’ म्हणून दुप्पट घेतला तर तो ताणलाच जात नाही, मग नायलॉनचे पैसे कशाला घालवायचे? तीन पेडी नायलॉन वेणीच्या दोरापेक्षा जास्त ताणला जातो आणि पीळ उलगडून आतही बघता येतं. स्वस्त पॉलिप्रॉपिलीन तरंगतं खरं, पण उन्हाने लवकर कुरकुरीत होतं.

निगेचं म्हणाल तर दोर बहुतेक वेळा मरतो तो घासून, बोटीच्या काठावरच्या खाचेत. नायलॉन तिथे पुढेमागे सरकत राहिला की आतून तापतो, आणि ओला झाल्यावर त्याची १०-१५ टक्के ताकद तशीही कमी झालेली असते. म्हणून तिथे कातडं किंवा जाड कापड गुंडाळायचं. रबरी नळी नको, उष्णता आत कोंडते. जुने खलाशी नांगराचा दोर अधूनमधून हातभर सोडत, म्हणजे घासण्याची जागा बदले. ती युक्ती आजही लागू आहे. वर्षातून एकदा दोराची टोकं उलटसुलट करा. मीठ गोड्या पाण्याने धुवा, त्याचे खडे आतून धागे कापतात. पीळ उलगडल्यावर आत भुकटी दिसली तर दोर बाद. आणि ताणलेल्या दोराच्या रेषेत कधीही उभं राहू नका.

आपल्याकडे म्हणतात, सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. माणसाच्या ताठ्याला मारलेला टोमणा आहे तो. दोराच्या बाबतीत मात्र त्या पिळाचंच कौतुक करायला हवं, हिसका जिरवण्यात त्याचाही मोठा वाटा असतो.